नव्या घराचा उजेड आणि त्याच्या किल्ल्या

आपल्या व्यापारी बंधूंपैकी अनेकांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत पेठेतील जुनी घरे उतरवून नवी बांधली. काहींनी टिळकवाडी, भाग्यनगराकडे जागा घेऊन बंगले उठविले. आम्ही मात्र पुष्कळ वर्षे मागे राहिलो. अखेर गेल्या वर्षी वडिलोपार्जित घर उतरविले आणि त्याच जागी नव्या घराचे काम सुरू झाले. त्या निमित्ताने जे शिकलो, जेथे चुकता चुकता वाचलो आणि ज्या एका गोष्टीवरून घरात तीन महिने वाद चालला, ती येथे मांडीत आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. विजेचे शास्त्र इंजिनियराइतके कळते असा आमचा दावा नाही. तथापि चाळीस वर्षे धान्याची वानगी पारखण्यात गेली असल्यामुळे उजेड कसा असावा याविषयी मत देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस पोहोचतो, असे आम्ही समजतो.

घर बांधणारा मनुष्य सिमेंटची पोती स्वतः मोजून घेतो, लोखंडाचे वजन काट्यावर पाहतो, फरशीचे दहा नमुने घरी आणून चार दिवस निरखतो. उजेडाचा विचार मात्र शेवटच्या महिन्यात, हातातील पैसा संपत आला असता होतो. मग दुकानात जावे, छतावर चमकणारे जे दिसेल ते उचलावे, आणि वायरमनला सांगावे, "लावून टाक." आमच्या मते ही चाल उलटी आहे. विजेची नळी स्लॅबमध्ये पुरली जाते. पंख्याची पेटी, दिव्याची जागा आणि भिंतीतून उतरणारी वायरींची वाट यांचा निकाल काँक्रीट ओतण्यापूर्वी लागतो. काँक्रीट एकदा बसले की नंतरची प्रत्येक सुधारणा म्हणजे छिन्नी-हातोडा. तेव्हा दिवा कोणत्या कंपनीचा हा प्रश्न वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात सोडविला तरी चालेल. दिवा कोठे आणि त्याचे बटण कोठे, हा प्रश्न मात्र सेंट्रिंगच्या फळ्या ठोकण्यापूर्वी सुटला पाहिजे.

आमच्या जुन्या घरात वीज आली ती लाकडी पट्टीवर खिळविलेल्या वायरींतून. प्रत्येक खोलीस एक दिवा, चाळीस किंवा साठ वॅटचा, आणि दाराशेजारी एक काळे गोल बटण. माजघरातील दिवा स्वयंपाकघरासही थोडा पुरे, कारण मधल्या भिंतीत झरोका ठेवलेला होता. त्या काटकसरीचे आम्ही गोडवे गाणार नाही. त्या उजेडात आमच्या काकूंनी आयुष्यभर डाळ निवडली आणि डोळे लवकर गमावले. शिवाय त्या घराचा एक दोष आमच्या जन्माआधीपासून तसाच होता, व त्याची किंमत तीन वर्षांपूर्वी मोजावी लागली.

न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळाचे बटण दाराच्या फळीमागे होते. दार उघडले की बटण झाकले जाई; म्हणजे आधी अंधारात आत पाऊल टाकावे, दार लोटावे आणि मग बटण चाचपावे. साठ वर्षे सर्वांनी ते केले. आमच्या मातोश्रींनीही केले. त्यांच्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, एका पहाटे, ते जमले नाही. मांडीचे हाड खुब्याशी मोडले, शस्त्रक्रिया झाली, चार महिने अंथरुणास खिळून राहिल्या. आज काठी घेऊन चालतात. पण पूर्वी पेठेतून एकट्या देवदर्शनास जाणारी ती बाई आता उंबऱ्याबाहेर कोणाचा हात धरल्याशिवाय जात नाही. दहा रुपयांचे बटण हातभर अलीकडे असते तर हे टळले असते. हा विचार आम्हांस अद्याप झोपू देत नाही, आणि या लेखाचे खरे कारणही तोच आहे.

वय वाढले म्हणजे डोळ्याचे भिंग पिवळे पडते आणि बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही. साठीतल्या मनुष्याच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. त्याच वेळी उघड्या दिव्याची तिरीप वृद्धांस अधिक बोचते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला उजेड जास्त हवा, परंतु दिवा डोळ्यांसमोर नको. आजकालच्या दिवाणखान्यात नेमके उलट असते. खोट्या छतात बारा भोके पाडून बारा झगझगीत दिवे, कोचावर मान टेकावी तर दोन दिवे थेट डोळ्यांत. आणि जिन्याच्या पायऱ्या मात्र काळोखात. पाहुणा आला की यजमान सारे दिवे एकदम लावून दाखवितो, पाहुणा गेला की त्यांतील दोन ठेवून बाकीचे विझवितो. मग ते दहा बसविले कशासाठी?

आता वानगीची गोष्ट. आपल्या धंद्यात वानगी कोणी दिव्याखाली पाहत नाही. अडत्या मूठभर धान्य घेऊन दुकानाच्या दाराशी येतो, तळहातावर पसरतो, उन्हाकडे पाठ करून पाहतो. कारण दिवा खोटे बोलतो हे त्याच्या बापाने त्याला सांगितलेले असते. या खोटेपणास मोजण्याचे माप आहे, हे आम्हांस नव्या घरामुळे कळले. रंग किती खरे दिसतात याचा तो अंक, शंभरापैकी. डब्यावर त्याला सी.आर.आय. म्हणतात. जुन्या तारेच्या बल्बचा अंक जवळजवळ शंभर. साध्या एल.ई.डी. दिव्याचा ऐंशीच्या आसपास, आणि निकृष्ट मालाचा त्याहून कमी. एल.ई.डी. मध्ये पांढरा उजेड उपजत नसतो. निळ्या प्रकाशाच्या तुकड्यावर पिवळसर लेप देऊन तो पांढरा भासविला जातो, आणि लेप हलका असला की लाल रंगाचा वाटा कमी पडतो. आम्ही प्रयोग करून पाहिला. खपली गहू, मसूर आणि घरची हळद एका ताटात घेतली व दोन दिव्यांखाली धरली. एकाचा अंक डब्यावर छापलेलाच नव्हता, दुसऱ्याचा नव्वदावर होता. पहिल्याखाली खपलीची तांबूस झाक मेली आणि मसूर मातकट दिसू लागली. सौभाग्यवतींनी ते पाहून एवढेच म्हटले, "म्हणजे आमच्या आमटीला रंग नाही असे जे तुम्ही गेली पाच वर्षे म्हणता, तो दोष दिव्याचा." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. स्वयंपाकघर, जेवणाची जागा आणि आरशापुढे तरी नव्वदावरचा दिवा घ्यावा. भाव थोडा चढा पडतो, पण असे दिवे घरात चार-सहाच लागतात.

उजेडाचा गोरेपणा हे दुसरे माप. ते केल्विनमध्ये छापतात. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे ६५०० वाल्याचा खप फार, कारण दुकानात तो अधिक लख्ख वाटतो. दुकानास व गोदामास तो ठीकही आहे. परंतु रात्री निजण्याच्या खोलीत निळसर उजेड झोप उशिरा आणतो, हे आता वैद्यकाने सिद्ध केलेले आहे. शिवाय पावसाळ्याच्या आरंभी पंखांचे किडे ज्या संख्येने निळसर दिव्यावर झेपावतात, तितके पिवळसर दिव्याकडे जात नाहीत. आपल्यापैकी जी घरे दिवेलागणीपूर्वी जेवण उरकतात त्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पडवीत आणि अंगणात आम्ही २७०० चाच दिवा लावणार आहोत, आणि तोही गरजेपुरताच.

दिव्याच्या किमतीविषयी व्यापारी म्हणून एक नोंद करावीशी वाटते. जपानात अकासाकी, अमानो व नाकामुरा यांनी निळा एल.ई.डी. साध्य केला, त्याबद्दल त्यांस २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सरकारच्या घाऊक खरेदीत एल.ई.डी. बल्बचा भाव त्याच २०१४ साली सुमारे ३१० रुपये होता, तो २०१६ साली ३८ रुपयांवर उतरला. इतकी उतरंड आम्ही कांद्यातही पाहिली नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून पुढे ३६ कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. ९ वॅटचा दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड देतो. रोज सहा तास धरले तर जुना बल्ब वर्षास सुमारे १३१ युनिट खाई, हा २० च्या आतच भागवितो. येथवर सारा नफाच आहे. परंतु स्वस्ताईबरोबर हलका मालही बाजारात आला. एल.ई.डी.चा कण सहसा मरत नाही. त्याला वीज पुरविणारा लहानसा संच, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो उष्णतेने व विजेच्या दाबाच्या चढउताराने मरतो. जुन्या घरात एका पावसाळी संध्याकाळी खांबावरची न्यूट्रल तुटली आणि एकदम अकरा दिवे गेले. म्हणून जो दिवा व त्याचा ड्रायव्हर शिडी लावून स्वतः बदलता येईल तोच घ्यावा. छताच्या खाचेत चिकटविलेली पट्टी सुंदर दिसते. तिचा ड्रायव्हर प्लास्टरच्या आत गाडलेला असला तर ते सौंदर्य दुरुस्तीपुरतेच टिकते.

आता वादाचा मुद्दा. आमचे चिरंजीव पुण्यास शिकले, तेथेच नोकरीत दहा वर्षे काढून पेढीवर परत आले. त्यांचे म्हणणे असे की, घर बांधावयाचेच तर ते स्मार्ट असावे. दिवे, पंखे, गिझर, पाण्याचा पंप, पडदे, सारे मोबाईलवर. तोंडाने सांगितले की दिवा लागावा, घराबाहेर पडले की सारे आपोआप विझावे. एका ठेकेदाराने येऊन रंगीत चित्रे दाखविली आणि आकडा सांगितला. आकडा ऐकून आम्ही पाणी मागितले, पण विरोधाचे कारण पैसा नव्हता.

त्यापूर्वी काही महिने आम्ही एका आप्तांच्या अशाच नव्या सदनिकेत मुक्कामास होतो. बैठकीत बटणांऐवजी काचेची गुळगुळीत पाटी. कोठे बोट ठेवावे ते कळेना. रात्री वीज गेली, आम्ही झोपी गेलो. तीनच्या सुमारास वीज आली आणि घरातले सारे दिवे, न्हाणीघरापासून देवघरापर्यंत, एकदम भक्कन पेटले. त्या स्मार्ट बल्बांना वीज परत आली की पेटावयाचे एवढेच ठाऊक होते. आपण आधी विझलेले होतो याची आठवण त्यांना दिलेली नव्हती. यजमान परगावी, त्यांचा मोबाईल त्यांच्या खिशात, वायफाय अद्याप उठलेले नाही. आप्तांच्या वृद्ध मातोश्री घाबरून उठून बसल्या. घरात चोर शिरले असा त्यांचा समज झाला. आम्ही अखेर मुख्य बटण पाडून पुन्हा अंधार केला. हा दोष सुधारता येतो, तशी सोय पुष्कळ बल्बांत असते, असे चिरंजीवांनी नंतर समजाविले. आम्ही विचारले की, ती सोय कोणी, केव्हा, कोणाच्या मोबाईलवरून लावावयाची?

येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. आपला माल ज्या गोदामात पडला आहे त्याच्या किल्ल्या कोणाकडे, हे पाहिल्याशिवाय आपण पावती घेत नाही. मग राहत्या घराच्या दिव्यांच्या किल्ल्या दूरदेशीच्या एखाद्या कंपनीच्या यंत्राकडे का द्याव्यात? यातील पुष्कळ उपकरणे अशी असतात की, तुम्ही दाबलेला हुकूम आधी त्या कंपनीच्या यंत्राकडे जातो आणि तेथून तुमच्या छतावरील दिव्याकडे परत येतो. कंपनीने दुकान बंद केले की हुकूम वाटेतच राहतो. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचे घर चालविणारे यंत्र सुमारे ३०० डॉलरांस विकले गेले. ते करणारी कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात ती सेवा बंद केली. ग्राहकाच्या हाती रिकामी डबी राहिली. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या कंपनीची यंत्रे कोणतीही सूचना न देता बंद पडली. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती विकत घेऊन चालू केली, हा भाग वेगळा. तांब्याची वायर चाळीस वर्षे टिकावी म्हणून आपण पैसे मोजतो. तिच्या टोकास पाच वर्षांचेही आश्वासन नसलेली वस्तू बांधावयाची असेल, तर ती सुटी करता येईल अशीच बांधली पाहिजे.

चिरंजीवांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वाद वाढला तेव्हा त्यांनी आम्हांस एक गोष्ट विचारली: "बाबा, आजीच्या बोळात हालचाल ओळखून आपोआप लागणारा दिवा असता तर?" आम्ही निरुत्तर झालो. असा दिवा खरोखरच उपयोगाचा आहे, आणि त्यास ना मोबाईल लागतो ना वायफाय. एक लहानशी चकती माणसाच्या अंगची ऊब ओळखते आणि दिवा लावते. वाद निवळला तो येथून. जे यंत्र घराच्या भिंतीत राहून आपले काम करते त्यास आमची हरकत नाही.

मग उभयतांच्या संमतीने जे ठरले ते असे. प्रत्येक दिव्यास भिंतीवर हाताने दाबावयाचे साधे बटण असणारच. पाहुणा, मोलकरीण, नातू, कोणालाही न विचारता दाबता येईल असे. स्मार्ट करावयाचे तर बल्ब नव्हे, बटण. बल्ब स्मार्ट असला आणि कोणी भिंतीवरचे बटण बंद केले की मोबाईलवाला आंधळा होतो. बटणामागे लहानसा संच बसविला तर हात आणि मोबाईल दोन्ही चालतात. या संचास न्यूट्रल वायर लागते. आपल्याकडे ज्या पाटीवर प्लगही असतो तेथे ती आलेली असते, पण जिन्याच्या किंवा पलंगाशेजारच्या एकट्या बटणापर्यंत वायरमन ती नेत नाही. मागितल्याशिवाय तर नाहीच. आम्ही ती प्रत्येक पेटीत नेली, पेट्या खोल घेतल्या, नळ्या २५ मिलिमीटरच्या घातल्या आणि काही नळ्यांत नुसती ओढतार सोडून ठेवली. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, मोठ्या प्लगांना अडीचची, गिझर व वातानुकूलनास चारची. मुख्य पाटीवर ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. व विजेच्या लाटेपासून रक्षण करणारे उपकरण. जो पैसा चित्रांतील पडद्यांवर जाणार होता तो येथे गेला. स्मार्ट संच सध्या चारच ठिकाणी: पाण्याचा पंप, गिझर, अंगणातील दिवे आणि बाहेरचे फाटक. तेही शक्य तोवर घरातल्या घरात चालणारे. निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी बोलाव्यात यासाठी २०२२ च्या ऑक्टोबरात मॅटर नावाचा समाईक करार निघाला आहे. त्याचा शिक्का पाहून घ्यावे, असे चिरंजीव म्हणतात, आणि या बाबतीत आम्ही त्यांचे ऐकतो.

सर्व ठिकाणी संच न बसविण्याचे आणखी एक कारण आमच्या हिशेबातून निघाले. असा संच दिवा विझलेला असतानाही जागा राहतो आणि अर्धा वॅट तरी खातो. ठेकेदाराच्या यादीत तीस संच होते. तीस अर्धे म्हणजे पंधरा वॅट, दिवसरात्र चोवीस तास. गुणाकार केला तर रोज ३६० वॅट-तास. म्हणजे तोच जुना ६० वॅटचा बल्ब, रोज सहा तास. एल.ई.डी.ने जो दिवा घरातून हद्दपार केला तो मागच्या दाराने परत आला, आणि तोही उजेड न देता! काटकसर करावयाची तर पंख्यांकडे पाहावे. साधा पंखा ७५ वॅट घेतो, नव्या बी.एल.डी.सी. पद्धतीचा तिसाच्या आसपास. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यात त्या तीस संचांच्या खर्चाहून अधिक बचत होते. मात्र अशा पंख्यास जुना रेग्युलेटर जोडू नये, आणि त्याचा रिमोट हरवणार हे गृहीत धरून भिंतीवर बटण ठेवावे.

तोंडी हुकूम ऐकणाऱ्या यंत्रासंबंधी घरात मतभेद कायम आहे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणाऱ्या पिढीची आम्ही मुले. ज्या बैठकीत आम्ही तुरीच्या भावाचे बोलणे करतो त्या बैठकीत सदा कान टवकारून बसलेली वस्तू आम्ही ठेवू देणार नाही. सूनबाईंना ती स्वयंपाकघरात, हात पिठाचे असताना, सोयीची वाटते. त्यांच्या स्वयंपाकघरात ती राहील. आमच्या बैठकीत राहणार नाही.

स्लॅब वैशाखात पडला. आता तळमजल्याच्या भिंती उभ्या आहेत, गिलावा व्हावयाचा आहे. मागील रविवारी मातोश्रींना खुर्चीत बसवून जागेवर नेले. इंजिनियरांनी नकाशाप्रमाणे बटणांच्या जागा साडेचार फुटांवर आखून ठेवल्या होत्या. मातोश्री काठी टेकीत बोळाच्या तोंडाशी गेल्या, डोळे मिटून घेतले, आणि अंधारात जावा तसा हात भिंतीवर नेला. जेथे तळवा टेकला तेथे सूनबाईंनी खडूने फुली मारली. दाराच्या बाहेर, कडीच्या बाजूस, साडेतीन फुटांपेक्षा किंचित वर. तशाच सहा फुल्या झाल्या. इंजिनियरांनी टेप लावला, मान हलविली आणि आपली आखणी पुसली.